हिप-हॉप नेमकं कुणी मारलं?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' शक्य तितके कापलेत. सगळे कापता आले नाहीत.)

आजचा भाग रॅपवर आहे. पण 'सगळ्यात भारी रॅपर कोण' या भानगडीत मी पडणार नाही. ते भांडण तुम्ही कट्ट्यावर माझ्यापेक्षा छान करता. आज मला त्या भांडणाचाच इतिहास सांगायचाय. एका वयाच्या माणसाला जे रॅप वाटतं ते दुसऱ्या वयाच्या माणसाला कचरा का वाटतं, आणि हे कधीपासून चाललंय.

सुरुवात २००८ पासून करू. आइस-टी हा लॉस एंजेलिसचा जुना, नावाजलेला रॅपर. तेव्हा वय पन्नास. त्याने एका मिक्सटेपवर माइकसमोर जाहीर केलं की सोल्जा बॉय नावाच्या पोराने एकट्याने हिप-हॉपचा खून केलाय. शिव्या वेगळ्या. हा सोल्जा बॉय सतरा वर्षांचा. आदल्या वर्षी त्याचं 'क्रँक दॅट' हे गाणं बिलबोर्डच्या यादीत सात आठवडे पहिल्या नंबरवर होतं. एफएल स्टुडिओ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घरच्या घरी बनवलेलं, टणटण वाजणारी एक सोपी धून, नाचायची एक स्टेप, आणि शब्द इतकेच की सगळे लिहून काढले तरी पोस्टकार्डावर जागा उरेल.

पोराने उत्तर दिलं ते यूट्यूबवर. त्याने विकिपीडियावर आइस-टीचं जन्मसाल शोधलं. १९५८ निघालं. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला की हा माणूस तर माझ्या पणजोबाच्या वयाचा आहे, इंटरनेट निघायच्या आधी जन्मलाय. खूप लोक हसले. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोला.

आता याच आइस-टीला घेऊन सोळा वर्षं मागे जाऊ. १९९२. त्याच्या बॉडी काउंट या बँडचं 'कॉप किलर' हे गाणं आलं आणि अमेरिकेत गहजब झाला. गाणं खरं तर मेटल होतं, रॅप नव्हतंच. पण ओरडणाऱ्यांना तेवढं बघायला वेळ कुठे? पोलिसांच्या संघटना उठल्या, राष्ट्राध्यक्ष बुश बोलले. टाइम वॉर्नर कंपनीच्या भागधारकांच्या सभेत अभिनेता चार्लटन हेस्टन उभा राहिला. हा 'द टेन कमांडमेंट्स' सिनेमातला मोझेस, तेव्हा ६८ वर्षांचा. त्याने त्या अल्बममधले शब्द सगळ्या सभेला वाचून दाखवले. शेवटी आइस-टीने ते गाणं अल्बममधून काढलं.

म्हणजे १९९२ मध्ये ज्याच्यामुळे पोरं बिघडतात असं म्हातारे म्हणत होते, तोच २००८ मध्ये म्हणतोय की या पोराने सगळं बिघडवलं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे!

यावर हसून पुढे जाता येतं. बहुतेक लोक तेवढंच करतात. पण या भांडणात दोन वेगवेगळी भांडणं एकमेकांत अडकलीत असं मला वाटतं. एक चवीचं, दुसरं हिशोबाचं. चवीच्या बाबतीत मी पोरांच्या बाजूने आहे. हिशोबाच्या बाबतीत म्हाताऱ्यांच्या. का, ते सांगतो.

चला ब्रॉन्क्सला. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्क, १५२० सेजविक अॅव्हेन्यू. एका मोठ्या बिल्डिंगच्या तळाशी रहिवाशांसाठी एक हॉल असतो, आपल्या सोसायटीच्या हॉलसारखा. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवीन कपडे घ्यायचे होते, पैसे हवे होते. तिने पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी वाजवायला तिचा मोठा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. हे कुटुंब जमैकाहून आलेलं. ही तारीख आज हिप-हॉपचा वाढदिवस म्हणून साजरी होते.

हर्कने एक गोष्ट हेरली होती. नाचणारी पोरं गाण्यात एका ठराविक जागेची वाट बघतात. गायक थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात, फक्त ड्रम आणि बास उरतो. ती जागा म्हणजे ब्रेक. ती जेमतेम काही सेकंदांची. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या, एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा लावायचा, आणि ते काही सेकंद हवे तितके लांबवायचे. इथून पुढचं सगळं या एका युक्तीतून निघालंय.

आता बघा, तो वाजवत काय होता? रेडिओवरचं नवं, गुळगुळीत डिस्को नाही. जेम्स ब्राउन वगैरेंचं दणदणीत फंक, त्यातल्या कितीतरी रेकॉर्ड काही वर्षं जुन्या. म्हणजे हिप-हॉपचा जन्मच मोठ्या भावंडांच्या आणि आईबापांच्या रेकॉर्डमधून झाला. फक्त पोरांनी ती गाणी मोठ्यांच्या पद्धतीने ऐकली नाहीत. मोठ्यांना गाणं हवं होतं, पोरांना त्यातले दहा सेकंद हवे होते. आज तुम्ही रीलवर गाण्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकता, त्यावरून घरी बोलणी खाता ना? पुढच्या वेळी हर्कचं नाव सांगा.

पुढे सहा वर्षं हे सगळं पार्कात, हॉलमध्ये आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटवर चाललं. रेकॉर्ड कुणी काढलीच नाही. रॅप ही त्या रात्री तिथे हजर राहून ऐकायची गोष्ट होती. काहीसं आपल्या कीर्तनासारखं, कीर्तनकार आज कसा रंगला ते समोर बसलेल्यालाच कळणार.

मग १९७९. सिल्व्हिया रॉबिन्सन ही स्वतः पन्नासच्या दशकातली गायिका, आता चाळिशी ओलांडलेली, न्यू जर्सीत छोटी रेकॉर्ड कंपनी चालवायची. तिने तीन मुलं जमवली, त्यांना शुगरहिल गँग असं नाव दिलं, आणि शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची चाल वादकांकडून वाजवून घेऊन त्यावर 'रॅपर्स डिलाइट' काढलं. चौदा मिनिटांच्या वर लांब! जगभर गाजलं. कितीतरी देशांनी ऐकलेलं पहिलं रॅप हेच.

आणि ब्रॉन्क्समधल्या लोकांची प्रतिक्रिया काय? हे खरं नाही. या तिघांना पार्कात कुणी ओळखत नव्हतं. त्यातला बिग बँक हँक तर पिझ्झाच्या दुकानात कामाला होता आणि ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या रॅपरच्या ओळी म्हणत होता. इतक्या जशाच्या तशा, की रेकॉर्डमध्ये कॅझच्या स्वतःच्या टोपणनावाचं स्पेलिंगसुद्धा तसंच राहिलं! कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसा.

म्हणजे रॅपच्या पहिल्याच मोठ्या हिट गाण्यावर 'हे खरं हिप-हॉप नाही' असा शिक्का बसला होता. तेव्हा सोल्जा बॉयचा जन्म व्हायला अकरा वर्षं बाकी होती. माझं चव आणि हिशोबाचं जे म्हणणं आहे ना, ते या एका गाण्यात सगळं आलंय. ब्रॉन्क्सची तक्रार कानाला चवीची वाटते, 'बेकार आहे, नकली आहे' अशी. पण तिच्या पोटात हिशोब आहे. ओळी आमच्या, नाव तुमचं.

आता आपण 'पिढी' म्हणतो तेव्हा पंचवीस-तीस वर्षं धरतो. रॅपमध्ये पिढी पाच वर्षांत म्हातारी होते. ऐका. १९८३ मध्ये रन-डीएमसीची पहिली रेकॉर्ड आली. वादक नाहीत, जवळजवळ नुसतं ड्रम मशीन आणि दोन माणसं ओरडतायत. त्यांच्या आधीचे ग्रुप चामड्याचे, पिसांचे, चमकीचे भारी कपडे घालून स्टेजवर यायचे. ही पोरं रस्त्यावर फिरतात तशीच आली, टोपी आणि आदिदासचे बूट घालून. एका झटक्यात तिशीही न गाठलेले लोक 'ओल्ड स्कूल' झाले.

त्यातलाच एक कूल मो डी. जन्म १९६२. त्याची चिडचिड एलएल कूल जे या पोरावर. जन्म १९६८. सोळाव्या वर्षी पहिली रेकॉर्ड आलेला, देखणा, आणि स्वतःचं कौतुक करण्यात अजिबात कंजुषी नाही. मो डीचं म्हणणं, याने आमची शैली उचलली आणि मान द्यायचं विसरला. मग १९८७ मध्ये मो डीने अल्बम काढला. त्याच्या कव्हरवर तो एका जीपसमोर उभा आहे आणि जीपच्या पुढच्या चाकाखाली एक लाल कांगोल टोपी चिरडलेली दिसते. ती टोपी म्हणजे एलएलची ओळख. दोघांमध्ये अंतर सहा वर्षांचं!

इतक्या लवकर पिढी का बदलते? माझं उत्तर साधं आहे. यंत्र बदलतं म्हणून. रॅप हे वाद्यांपेक्षा यंत्रांवर वाढलेलं संगीत. पार्कातले मोठे स्पीकर, मग खांद्यावरचा बूमबॉक्स, मग वॉकमन, मग गाडीतला बास, मग आयपॉड, मग फोन. ज्या यंत्रावर तुम्ही ऐकता त्यावर चांगलं वाजणारं गाणं तुम्हाला चांगलं वाटतं. न्यूयॉर्कचा माणूस भुयारी रेल्वेत कानाला हेडफोन लावून ऐकत होता, त्याला शब्द हवे होते, यमकात यमक हवं होतं. ह्यूस्टन, अटलांटा, मायामीचा माणूस गाडीत होता, त्याला डिकी हादरायला हवी होती.

ती डिकी हादरवणारं यंत्रही गमतीचं. जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-८०८, १९८० मध्ये बाजारात आलं. खऱ्या ड्रमसारखा आवाज येत नाही म्हणून फारसं खपलं नाही, साधारण बारा हजार नग बनवून १९८३ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं आणि पोरांच्या हाती पडलं. त्याचा तो खोल, रेंगाळणारा बास आज तुमच्या प्रत्येक ट्रॅप गाण्यात आहे.

म्हणून ३ ऑगस्ट १९९५ ला न्यूयॉर्कमधल्या सोर्स अवॉर्ड्सच्या सोहळ्यात काय झालं ते समजून घ्या. अटलांटाच्या आउटकास्ट या दोन पोरांच्या ग्रुपला नवीन कलाकारांचं बक्षीस मिळालं आणि सभागृहाने त्यांना 'बू' केलं. दोघंही विशीचे. त्यातल्या आंद्रेने माइक हातात घेऊन ठणकावलं की दक्षिणेलाही काही सांगायचंय. न्यूयॉर्कच्या कानाला ते हिप-हॉप वाटत नव्हतं, कारण त्यांनी ते गाडीत ऐकलं नव्हतं. पुढच्या दहा वर्षांत अटलांटाने अख्खा बाजार खाल्ला. आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या नासने अल्बम काढला, त्याचं नावच 'हिप हॉप इज डेड'! दक्षिणेतल्या बऱ्याच रॅपरांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. घेणारच.

आतापर्यंत झाली घरातल्या भावाभावांची भांडणं. पण खरं काळीज दुखावणारं भांडण झालं ते आईबापांच्या पिढीशी, आणि त्यावर मला जरा थांबायचंय.

आपल्याला वाटतं की रॅपला विरोध म्हणजे गोऱ्या, सनातनी लोकांचा. हेस्टनसारखे होतेच. पण कृष्णवर्णीय समाजातले मोठेही रॅपवर नाराज होते, आणि त्यांना उडवून लावणं सोपं नाही. ऐंशीच्या दशकात कृष्णवर्णीय श्रोत्यांची कितीतरी रेडिओ स्टेशनं दिवसा रॅप वाजवत नसत. रॅप रात्री, पोरांच्या वेळेला. काही स्टेशनं तर 'आमच्याकडे रॅप नाही' हीच जाहिरात करायची. १९९३ मध्ये हार्लेमच्या जुन्या, मानाच्या अॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री कॅल्विन बट्स रॅपच्या कॅसेट आणि सीडी चिरडायला चक्क रोडरोलर घेऊन आले.

आणि डेलोरेस टकर. या बाईंचा जन्म १९२७ चा. १९६५ मध्ये सेल्माच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर चाललेल्या. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. नव्वदच्या दशकात त्यांनी गँगस्टा रॅपविरुद्ध कंबर कसली. बायकांना ज्या शब्दांनी हाक मारली जाते ते त्यांना सहन होत नव्हतं. त्या नुसत्या भाषणं करून थांबल्या नाहीत, टाइम वॉर्नरचे शेअर विकत घेतले आणि भागधारक म्हणून सभेत उभ्या राहून जाब विचारला. १९९५ मध्ये टाइम वॉर्नरने इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीतला आपला निम्मा हिस्सा विकून टाकला.

इंटरस्कोपचा कलाकार कोण? टुपाक शकूर. त्याने १९९६ च्या अल्बममध्ये टकरबाईंचं नाव घेऊन त्यांना झोडलं. तो त्याच वर्षी, पंचविसाव्या वर्षी, गोळीबारात गेला. १९९७ मध्ये बाईंनी त्याच्या इस्टेटीवर एक कोटी डॉलरचा दावा लावला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. टुपाक हा काही चळवळीला पारखा मुलगा नव्हता. त्याची आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर पक्षाची. बॉम्बस्फोटाच्या कटाच्या आरोपाखाली तिला तुरुंगात टाकलेलं, वकील न घेता तिने स्वतःच कोर्टात स्वतःची बाजू मांडली. पोटात टुपाक. मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली, जूनमध्ये तो जन्मला. त्याच आईवर त्याने १९९५ मध्ये 'डिअर मामा' केलं, तिच्या व्यसनासकट, गरिबीसकट, काही न लपवता. आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ते गाणं घेतलं.

एका बाजूला सेल्माला चाललेली बाई, दुसऱ्या बाजूला पँथर आईचा मुलगा. दोघंही एकाच लढ्याचे वारस आणि एकमेकांचं तोंड बघेनात. इथे मी पोरांच्या बाजूने आहे असं एका वाक्यात म्हणून सुटू शकत नाही. शब्दांबद्दल टकरबाई बरोबर होत्या, आजही त्या अल्बममधली काही गाणी बहिणीसमोर लावता येत नाहीत. पण ज्या शहरात नोकऱ्या गेल्या, ड्रग्ज आली, बाप तुरुंगात गेले, तिथली बातमी रॅप देत होतं, आणि बाईंच्या पिढीला ती बातमी ऐकवेना.

याच काळातली एक वेगळी गोष्ट स्नूप डॉगने नंतर एका माहितीपटात सांगितली. गायिका डियॉन वॉर्विक, जन्म १९४०, साठच्या दशकातली मोठी स्टार. तिने स्नूप, शुग नाइट आणि आणखी काही जणांना घरी बोलावलं. सकाळी सात वाजता! उशीर चालणार नाही. ही सगळी दांडगी मंडळी सातला आठ मिनिटं कमी असतानाच दारात हजर. बाईंनी बसवलं आणि म्हणाल्या, गाण्यात बायकांना ज्या शब्दाने हाक मारता, त्याच शब्दाने मला आत्ता तोंडावर हाक मारा. कुणाची टाप? स्नूपच्या सांगण्यानुसार त्यांनी पुढे सांगितलं की तुम्हालाही उद्या मुली होतील. स्नूप म्हणतो, त्या दिवशी आमच्यापेक्षा मोठा गँगस्टर आम्हाला भेटला.

मला या गोष्टीत आवडतं ते हे, की तिने त्यांना ऐकलं होतं. रोडरोलर आणणं सोपं असतं.

बरं, आता जरा विज्ञान. थोडंच. २०१८ मध्ये सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्पॉटिफायच्या आकडेवारीवर लिहिलं होतं. कोणत्या वयाचे लोक कोणत्या सालची गाणी ऐकतात? त्याला दिसलं की पुरुषांची आवडती गाणी सरासरीने ते चौदा वर्षांचे असताना आलेली असतात, बायकांची तेरा वर्षांच्या असताना. म्हणजे आपली चव आठवी-नववीत ठरते आणि मग आपण आयुष्यभर तिला 'संगीताचा सुवर्णकाळ' म्हणत बसतो. रॅपवाले ज्याला 'गोल्डन एज' म्हणतात तो साधारण १९८७ ते नव्वदचं मधलं दशक. आणि तो सुवर्णकाळ होता असं सगळ्यात जोरात सांगणारे तेव्हा किती वर्षांचे होते, ते मोजून बघा.

याला धरून २०१६ बघू. लिल याटी, जन्म १९९७, केस लाल. त्याने मुलाखतीत सहज सांगितलं की मला टुपाक आणि बिगीची पाच गाणीही सांगता येणार नाहीत. आभाळ कोसळलं! पण बिगी गेला मार्च १९९७ मध्ये, याटी जन्मला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. ज्याच्या मरणानंतर तुम्ही जन्मलात त्याची पाच गाणी पाठ नसणं हा गुन्हा असेल, तर आपल्यातल्या किती जणांना मास्टर दीनानाथांची पाच नाट्यपदं सांगता येतील? मला तीन येतात. पुढे विचारू नका.

२०१८ चा किस्सा तर आणखी छान. जे. कोल, जन्म १९८५. लिल पंप, जन्म २०००. पंपचं 'गुची गँग' हे गाणं जेमतेम दोन मिनिटांचं आणि त्यात शीर्षकच इतक्या वेळा येतं की दुसऱ्या शब्दांना जागा नाही. पंप आणि त्याचे दोस्त कार्यक्रमांत कोलला शिव्या घालत होते. कोलने अल्बमच्या शेवटी एक गाणं केलं, नाव न घेता, मोठ्या भावाने समजवावं तसं: पैसे जपून ठेव, ही लाट ओसरते. मग महिन्याभरात दोघं कॅमेऱ्यासमोर बसले आणि तासभर बोलले. ते संभाषण बघा. सतरा वर्षांचा पोरगा सोफ्यावर बसलाय, उत्तरं एका शब्दाची, आणि कोल त्याला उपदेश न करता विचारत राहतो, तुझ्या घरी कोण कोण आहे, तू हे का करतोस. अख्ख्या रॅपच्या इतिहासात दोन पिढ्या इतका वेळ नीट बोललेल्या मला फारशा आठवत नाहीत.

आणि दोन मिनिटांची गाणी का? पुन्हा यंत्र. स्ट्रीमिंगवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं मोजतात. मग लांब प्रस्तावना कोण कशाला देईल? १९७९ च्या चौदा मिनिटांपासून आपण इथे आलो.

इथे आपल्याकडचंही एक सांगतो, कारण धागा खरोखर जोडलेला आहे. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवर शूट केलं. डिव्हाइन अंधेरीचा, त्याला या नादाला लावलं ५० सेंटने. म्हणजे मुंबईच्या गल्लीचं 'ओल्ड स्कूल' हे अमेरिकेच्या २००० नंतरच्या रॅपवर वाढलंय. २०१९ मध्ये 'गली बॉय' आला, त्याचा एक कार्यकारी निर्माता कोण? नास! तेरा वर्षांपूर्वी हिप-हॉप मेलं म्हणणारा. आणि मग पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन आला, ऑटोट्यून, गळ्यात साखळ्या, २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला, आणि गली रॅपचे चाहते म्हणायला लागले, हे काही खरं हिप-हॉप नाही. दहा वर्षंही झाली नव्हती.

आता हिशोबाकडे येतो. मी म्हाताऱ्यांच्या बाजूने का आहे.

तुमच्यातल्या अनेकांच्या फोनमध्ये 'स्लोड अँड रिव्हर्ब' गाणी आहेत. हिंदी गाणं हळू केलेलं, घुमणारं, रात्री दोन वाजता ऐकायचं. ही हळू करायची पद्धत ह्यूस्टनची. डीजे स्क्रू नावाच्या माणसाने नव्वदच्या दशकात गाणी संथ करून कॅसेट भरायला सुरुवात केली, लोक त्या गाडीत लावून रस्त्याने निवांत फिरायचे. तो नोव्हेंबर २००० मध्ये गेला, तिशीही गाठली नव्हती. आज जगभर कोट्यवधी पोरं त्याच्या युक्तीवर झोपी जातात. नाव माहीत असलेली किती?

क्लाइड स्टबलफील्ड. जेम्स ब्राउनचा ड्रमर. १९७० मध्ये आलेल्या 'फंकी ड्रमर' या रेकॉर्डमधले त्याचे काही सेकंद हजाराहून जास्त गाण्यांत वापरले गेलेत. हर्क ज्या ब्रेकच्या मागे होता तोच प्रकार, फक्त आता मशीनमध्ये कापून घेतलेला, ज्याला सॅम्पल म्हणतात. पण गाण्याचा हक्क लेखकाच्या नावावर असतो, ड्रम वाजवणाऱ्याच्या नाही. त्यामुळे त्या सगळ्यातून त्याच्या हाती जवळजवळ काहीच आलं नाही. तो २०१७ मध्ये वारला.

आणि लतादीदी! २००२ मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अॅडिक्टिव्ह' हे गाणं गाजलं, त्यात रॅपर राकिमही आहे. मागे लतादीदींचा आवाज, 'थोडा रेशम लगता है', बप्पी लाहिरींचं संगीत, १९८१ चा 'ज्योती' सिनेमा. विचारलं कुणालाच नव्हतं. खटला झाला आणि बप्पीदांना श्रेय दिल्याशिवाय विक्री करायची नाही, असा आदेश अमेरिकी न्यायालयाने दिला. एरवी 'ही पोरं चोऱ्या करतात' असं कुणी म्हणालं तर आपण मान हलवत नाही. आपल्या घरची वस्तू गेली की लगेच कळतं.

पण हिशोब नुसता कडक करून भागत नाही, त्यातून काय होतं त्याची गोष्ट डी ला सोलची. लाँग आयलंडची तीन पोरं. १९८९ मध्ये '३ फीट हाय अँड रायझिंग' हा अल्बम. मारामारी नाही, साखळ्या नाहीत, नुसती धमाल आणि कितीतरी तुकड्यांची गोधडी. त्यातल्या एका तुकड्यासाठी द टर्टल्स या साठच्या दशकातल्या बँडने खटला भरला, तडजोडीत पैसे गेले. बाकीच्या बऱ्याच तुकड्यांची परवानगी होती, पण करार लिहिले होते रेकॉर्ड आणि कॅसेटसाठी. स्ट्रीमिंग हा शब्दच कुणाच्या मनात नव्हता. परिणाम? सगळं जग फोनवर आलं तेव्हा डी ला सोलची सुरुवातीची गाणी कुठेच नाहीत. स्पॉटिफाय नाही, अॅपल नाही. याटीच्या वयाच्या पोरांना 'तुम्ही जुनं ऐकत नाही' म्हणणाऱ्यांनी हेही सांगायला हवं होतं की हे जुनं दुकानातच ठेवलेलं नाही.

त्या तिघांनी कंपनीशी वर्षानुवर्षं भांडण केलं. कंपनी विकली गेली, नवे मालक आले, एकेक तुकड्याची परवानगी पुन्हा काढली, जिथे मिळाली नाही तिथे पुन्हा वाजवून घेतलं. शेवटी तारीख ठरली, ३ मार्च २०२३. तिघांतला डेव्ह, ज्याला लोक ट्रुगॉय म्हणायचे, १२ फेब्रुवारीला गेला. चोपन्न वर्षांचा होता. एकोणीस दिवस राहिले होते.

अल्बम आता तुमच्या फोनवर आहे. पहिलं गाणं एका टीव्ही क्विझच्या नकलेने सुरू होतं, ते ओलांडू नका. पुढच्या आठवड्यात भेटू, विषय आहे कॅसेटची दुकानं. घरात जुन्या कॅसेट असतील तर काढून ठेवा, मला त्यांच्याबद्दल विचारायचंय.